सगळ्या शाखांना एकच ईआरपी: वर्षभर वापरून झाल्यावर

प्रॉडक्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे आहे त्यातलं बहुतेक बाजारातल्या कुठल्याही नावाजलेल्या ईआरपीला (साठा, खरेदी, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागू पडेल, आणि नाव घेतलं की चर्चा "हे चांगलं की ते चांगलं" यावरच घसरते. माझं काम साठा आणि खरेदीचा ताळमेळ बघण्याचं. डेमोमध्ये जे रंगीत डॅशबोर्ड दाखवतात ते मालकांसाठी असतात. मला त्याखालचे आकडे जुळवावे लागतात. रिव्ह्यू त्या खुर्चीतून लिहिलेला आहे असं धरून वाचा.

मत आधीच सांगून टाकतो. सिस्टिम एकत्र करणं वसूल आहे, आणि जुन्या व्यवस्थेत परत जा म्हटलं तर मी जाणार नाही. पण एका वस्तूला सगळीकडे एकच कोड असणं आणि तो कोड बनवायचा अधिकार कोणाकडे हे ठरणं, यातच निम्म्याहून जास्त शक्ती जाते. सॉफ्टवेअर बसवणं त्यामानाने सोपं.

आधीची अवस्था वाढत्या रिटेल धंद्यात असते तशीच. सुरुवातीच्या दुकानांत बिलिंगचं एक सॉफ्टवेअर आणि हिशेबाचं वेगळं पॅकेज. गोदाम मोठं झालं तेव्हा गोदामासाठी तिसरं काहीतरी घेतलं. मग दुसरी एक साखळी विकत घेतली, ती स्वतःची ईआरपी घेऊनच आली. ऑनलाइन विक्री सुरू झाली तिचं आणखी वेगळं. एक ना धड भाराभर चिंध्या. महिनाअखेरीला प्रत्येकातून एक्सेल काढायची, एकाखाली एक चिकटवायची आणि फरक कुठून आला ते शोधत बसायचं. सगळ्यात वाईट हाल शाखांमधल्या मालाच्या अदलाबदलीचे. आमच्या जुन्या दुकानातून विकत घेतलेल्या साखळीच्या दुकानात माल गेला, तर एका सिस्टिममध्ये ती विक्री आणि दुसरीत खरेदी. माल ट्रकमध्ये असेपर्यंत तो कोणाच्याच साठ्यात नाही. शिवाय आपल्याच मालाची आपल्यालाच विक्री दिसायची आणि उलाढाल फुगायची, ती नंतर हाताने वजा करा.

आता आयटम मास्टरकडे, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या कोडसकट मूळ यादीकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. सगळ्या याद्या एकत्र केल्यावर पहिल्यांदा वाटलं की बारकोडवरून जुळवू, चटकन होईल. तसं होत नाही. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीचा यूपीसी बारकोड १२ अंकी असतो, बाकी जगात चालणारा ईएएन १३ अंकी. त्याच १२ अंकांपुढे शून्य लावलं की १३ अंकी होतो आणि शेवटचा तपासणी अंकही तोच राहतो. म्हणजे वस्तू एकच, बारकोडही खरं तर एकच, पण एका सिस्टिमने शून्यासकट साठवलेला आणि दुसरीने शून्याशिवाय. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वस्तू. त्यात एक्सेलची करामत. बारकोडचा कॉलम 'टेक्स्ट' केलेला नसेल तर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि लांब आकडा घातांकाच्या रूपात दाखवून फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मधले आकडे कायमचे गेले. उघडून बघितलं तर कॉलमभर एकसारखे दिसणारे आकडे, आणि कुठला कुठल्या वस्तूचा ते सांगणारं काही उरलेलं नाही. हे काम अंगावर घेणाऱ्यांना पहिली सूचना हीच: बारकोडची फाइल एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडू नका, टेक्स्ट म्हणून इंपोर्ट करा.

त्यानंतर एककं. गोदाम पेटीत मोजतं, दुकान नगात विकतं, पुरवठादार कधी पेटी लिहितो कधी डझन. आमच्याकडे पहिल्या काही आठवड्यांत घडलेली एक गोष्ट सांगतो. दुकानात दोन पेट्या आल्या, पेटीत १२ नग. माल उतरवून घेणाऱ्याने नग मोजून २४ टाकले. स्क्रीनवर एकक 'पेटी' होतं. साठ्यात २८८ नग जमा. त्यावर सिस्टिमने काही कुरकुर केली नाही. पुढे काय झालं बघा: माल दोन-चार दिवसांत विकून संपला, पण सिस्टिमच्या हिशेबी अजून भरपूर शिल्लक, त्यामुळे आपोआप होणारी फेरमागणी निघालीच नाही. शेल्फ रिकामं, रिपोर्ट हिरवागार. असा कागदोपत्री साठा हा तुटवड्यापेक्षा घातक, कारण तुटवडा निदान दिसतो. उपाय साधा निघाला. पेटीवर पेटीचा स्वतंत्र १४ अंकी बारकोड असतो. तो मास्टरमध्ये भरला आणि माल घेताना स्कॅन करणं सक्तीचं केलं, की एकक सिस्टिम स्वतः निवडते, माणसाने निवडायचं कामच उरत नाही. ज्या पुरवठादारांच्या पेटीवर असा बारकोड नाही, तिथे गोदामातच लेबल चिकटवतो.

मास्टर बिघडला तर काय होतं याचा सर्वांत मोठा धडा टार्गेट या अमेरिकन रिटेल साखळीच्या कॅनडातल्या दुकानांचा. २०१३ मध्ये थाटात सुरुवात, सगळं कोऱ्या पाटीवर, नवी एसएपी (एका जर्मन कंपनीची ईआरपी). पण घाईघाईत भरलेल्या माहितीत मापं चुकीची, इंच आणि सेंटिमीटरची सरमिसळ, रकाने रिकामे. गोदामं तुडुंब आणि शेल्फ मोकळी, असं चित्र झालं. २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करून कंपनी कॅनडातून बाहेर पडली. कारणं आणखीही होती, पण माहितीचा घोळ त्यातलं मोठं कारण. सॉफ्टवेअर तेच, जे जगभर इतरांकडे व्यवस्थित चालतं.

आमच्याकडे आता नवी वस्तू फक्त मुख्य कार्यालयातलं एक टेबल तयार करतं. शाखेने फॉर्म भरायचा, फोटो आणि बारकोड जोडायचा, मंजुरी आली की कोड मिळतो. शाखा व्यवस्थापकांना हे अजिबात रुचलं नाही, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. आधी माल दारात आला की दहा मिनिटांत कोड बनवून विक्री सुरू व्हायची, आता मंजुरीची वाट बघावी लागते. सणासुदीच्या धावपळीत हे जाचतं. सोमवारी सकाळी त्या टेबलावर फॉर्मचा ढीग असतो आणि शाखांचे फोन सुरू असतात. पण शाखांना पुन्हा अधिकार दिले तर वर्षभरात पुन्हा एकाच वस्तूचे चार कोड होतील, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा मोठा विषय साठ्याच्या मूल्यांकनाचा. डेमोमध्ये यावर कोणी बोलत नाही. एका जुन्या सिस्टिममध्ये 'आधी आला तो आधी गेला', म्हणजे फिफो. विकत घेतलेल्या साखळीत भारित सरासरी, म्हणजे सगळ्या नगांचा मिळून एक सरासरी भाव. समजा १०० नग ४० च्या भावाने आले आणि नंतर १०० नग ५० ने. विकले १२०. फिफोने विकलेल्या मालाची किंमत ५,०००, सरासरीने ५,४००. उरलेल्या ८० नगांची किंमत एकीकडे ४,०००, दुसरीकडे ३,६००. माल तोच, नफा वेगळा. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकं, आयएएस २ मध्ये, दोन्ही पद्धती चालतात (लिफो, म्हणजे 'शेवटी आला तो आधी गेला', चालत नाही), पण एका प्रकारच्या मालाला एकच पद्धत लागते. म्हणून एकत्र करताना कोणाच्या तरी आकड्यांत उडी दिसणारच. ती का आली हे ऑडिटरला आणि मालकांना आधीच लेखी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर खापर सॉफ्टवेअरवर फुटतं.

लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीचं प्रकरण याच मूल्यांकनाचं. २०११ मध्ये त्यांनी सगळी जुनी व्यवस्था एसएपीवर न्यायला घेतली आणि २०१८ मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्चून झाल्यावर गुंडाळली. त्यांचा साठा खरेदी किमतीने मोजला जायचा, तयार सॉफ्टवेअर विक्री किमतीवर आधारलेलं होतं. आपली पद्धत सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअर कापत-शिवत गेले आणि त्या बदलांचं ओझं वाढतच गेलं. आमच्याकडे प्रत्येक कस्टमायझेशनच्या मागणीला मालकांचा पहिला प्रश्न असतो की आपण पद्धत बदलू शकतो का. हा प्रश्न चिडचिड करवतो, पण योग्य आहे.

सरासरी पद्धतीची एक गोम मात्र नीट समजून घ्या. माल दुकानात पोचला, विकायला सुरुवातही झाली, पण जमेची नोंद संध्याकाळी झाली. मधल्या वेळात साठा उणे. उण्या साठ्यावर झालेल्या विक्रीला सिस्टिम जुना भाव लावते, आणि वस्तू नवी असेल तर शून्य. मग त्या वस्तूचा नफा रिपोर्टमध्ये अफाट दिसतो. उणे साठा पूर्ण बंद करण्याचं बटण आहे, पण ते दाबलं की ग्राहक वस्तू हातात घेऊन काउंटरवर उभा आणि बिल निघत नाही. आम्ही उणे साठा दुकानांत चालू ठेवलाय, गोदामात बंद. रोज सकाळी उण्या साठ्याची यादी बघणं हे माझं पहिलं काम.

काउंटरवरचं बिलिंग ईआरपीला थेट बांधू नका, कितीही सांगितलं तरी. नेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे आणि नेट आल्यावर वर, म्हणजे मुख्य सिस्टिममध्ये गेलं पाहिजे. आमच्या आताच्या सिस्टिममध्ये हे चांगलं आहे. एकच त्रास झाला: नेट मध्येच तुटलं की अर्धवट गेलेली बिलं पुन्हा जायची आणि काही दुबार पडायची. प्रत्येक बिलाला काउंटरवरच न बदलणारा क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर वरच्या बाजूने नाकारायचा, ही दुरुस्ती पुरवठादाराकडून करून घेतल्यावर बंद झालं. विकत घेण्याआधी डेमोमध्येच केबल काढून बघा. खरंच काढा.

आवडलेल्या गोष्टींत पहिला नंबर वाटेतल्या मालाचा. पाठवणाऱ्याने 'पाठवला' केलं की माल 'वाटेत' या खात्यात जातो आणि घेणाऱ्याने 'मिळाला' केल्यावरच त्याच्या साठ्यात चढतो. पाठवले ५० आणि मिळाले ४८, तर दोन नग त्या खात्यात लटकलेले राहतात आणि कोणालातरी उत्तर द्यावं लागतं. आधी ते दोन नग वर्षअखेरच्या मोजणीत 'घट' म्हणून निघायचे आणि विषय संपायचा. आता कुठल्या मार्गावर, कुठल्या दिवशी गळती होते ते दिसतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा व्याप पुन्हा करीन.

खरेदी ऑर्डर, माल जमा झाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल यांची तिहेरी पडताळणीही उत्तम. तीन जुळले की बिल आपोआप पुढे, फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर अडकतं. मर्यादा सुरुवातीला शून्य ठेवली तर किरकोळ फरकांनी सगळी बिलं अडतात आणि पुरवठादार तोंड फिरवतात, एवढं ध्यानात ठेवा.

नावडत्या गोष्टीही आहेत. महिनाअखेरीला रिपोर्ट रांगेत अडकतात. माल जमा करायला जुन्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त क्लिक लागतात. एक्सेल काही हद्दपार झालं नाही, फक्त आता सगळे एकाच ठिकाणाहून एक्सेल काढतात. आणि परवाना माणशी असल्यामुळे शाखांमध्ये एकाच लॉगिनवर तिघं-चौघं काम करतात. मग "ही नोंद कोणी केली" या रकान्याला काय अर्थ उरतो? पुरवठादार नोंदवणारा आणि पैसे मंजूर करणारा वेगळा हवा, असे सगळे कडक नियम आम्ही लावले, आणि पासवर्ड काउंटरखाली चिठ्ठीवर. भाव ठरवताना दुकानातल्या साध्या कामांसाठी स्वस्त परवाना मिळतो का ते घासाघीस करून घ्या.

सगळं एकाच दिवशी सुरू करायचं की शाखाशाखांनी, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या सिस्टिम एकदम आणि तेही हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर सुरू केल्या, आणि माल गोदामात असूनही ऑर्डरी वेळेत जाईनात. आम्ही मंदीच्या महिन्यांत, टप्प्याटप्प्याने गेलो. त्याचा तोटा असा की काही काळ जुनी आणि नवी दोन्ही चालतात, आणि त्यांना जोडणारा तात्पुरता पूल बांधावा लागतो. त्या पुलावर सगळ्यात जास्त चुका झाल्या. तरीही मी टप्प्यांनीच जा म्हणेन, फक्त दोन टप्प्यांत फार अंतर ठेवू नका.

मोजकीच दुकानं असतील आणि एकच बिलिंग सॉफ्टवेअर व्यवस्थित चालत असेल, तर यात पडू नका. शाखांमध्ये मालाची ये-जा रोजची झाली आणि तिचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात राहीनासा झाला, की विचार करा.

आमचं अजून पूर्ण झालेलं नाही. विकत घेतलेल्या साखळीने पूर्वी विकलेली गिफ्ट व्हाउचर्स जुन्या सिस्टिममध्येच आहेत. ग्राहक कुठल्याही शाखेत घेऊन येतो, शिल्लक जुन्या सर्व्हरवर तपासावी लागते, आणि तेवढी देणी ताळेबंदात वेगळी दाखवावी लागतात. जुनी बिलंही कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत बघता आली पाहिजेत. म्हणून तो सर्व्हर फक्त वाचण्यापुरता चालू ठेवलाय, त्याचं मेंटेनन्स दरवर्षी भरतोय. नव्या सिस्टिमच्या कोटेशनमध्ये हा खर्च कुठेच नसतो; तुमच्या बजेटमध्ये तो आधीच धरा.