विंचेस्टर १८८६, आठ महिन्यांनंतर: रायफल सोनं, साचा डोकेदुखी

आधीच सांगतो, रायफलीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे गोळ्या ओतायच्या साच्याबद्दल, आणि तीही इंचाच्या हजार भागांपैकी तीन भागांची. बायको म्हणते, एवढ्याशासाठी कोणी महिनोन्‌महिने भांडतं का? भांडतं. साचा ९४ डॉलरचा आहे.

मॉडेल १८८६ काय चीज आहे हे इथं उगाळत बसत नाही. लिव्हर ओढून पुढचं काडतूस भरायची विंचेस्टर कंपनीची जुनी अमेरिकन रायफल. जॉन ब्राउनिंग या कारागिराचं डिझाइन, दोन उभे लॉक, आणि नीट तेलपाणी केलेल्या जुन्या शिलाई मशीनसारखी हलणारी लिव्हर. माझी १८९१ ची, अष्टकोनी २६ इंची नळी, कॅलिबर (काडतुसाचं माप) .४०-६५. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्यात. सीरियल नंबर कळवून पैसे भरले की त्या रायफलीची नोंद पत्राने येते. माझ्या पत्रात कॅलिबर आणि नळी दोन्ही जुळली, तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला. १८९८ किंवा त्याआधी बनलेली म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती अँटीक ठरते. राज्याचे नियम ज्याने त्याने बघावेत. मी ओहायोत राहतो.

आता काडतुसं. साध्या दुकानात हे सहसा मिळत नाही, घरीच भरावं लागतं. तयार केसेस (काडतुसाची रिकामी पितळी नळकांडी) विकत मिळतात, पण माझ्याकडे .४५-७० च्या दोनशे केसेस धूळ खात पडल्या होत्या. दोन्हींची लांबी सारखीच, २.१ इंच. वंगण लावून प्रेसने .४०-६५ च्या डायमध्ये (आकार देणाऱ्या पोलादी साच्यात) दाबली की केस तयार. वंगणात हात आखडला आणि चौथीच केस आत रुतली. प्रेसची लिव्हर ओढली तर रिम (केसच्या बुडाची कड) फाटून हातात. मग बुडाला ड्रिलने भोक, भोकाला आटे, आट्यात बोल्ट, आणि पान्याने ओढणं. अख्खी संध्याकाळ गेली. दोन डॉलरचं वंगण वाचवायला गेलो होतो.

दारू काळीच. त्या काळची नळी तिच्यासाठीच घडवलेली, नवी धूरविरहित दारू घालून मला प्रयोग करायचे नाहीत. नावातला ६५ म्हणजे ६५ ग्रेन काळी दारू (ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराची साधारण अर्धी गुंज). पण आजच्या केसेसच्या भिंती जुन्यांपेक्षा जाड, तेवढी मावत नाही. गोळीच्या बुडाखाली रिकामी जागा मात्र ठेवायची नाही, हे पक्कं.

आणि आता साचा. .४०-६५ चे साचे आज खूप मिळतात, पण ते सिंगल-शॉट (एका वेळी एकच काडतूस भरायच्या) रायफलवाल्यांचे: ४०० ग्रेनच्या लांबलचक गोळ्या. त्या घातलेलं काडतूस १८८६ च्या यंत्रणेतून वर येत नाही. शिवाय मॅगझिन (काडतुसं साठवायची जागा) म्हणजे एक नळकांडं, त्यात काडतुसं एकामागे एक. पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टोपीवर) मागच्या गोळीचं नाक टेकलेलं. म्हणजे नाक चपटंच हवं. आखूड, चपट्या नाकाची, २६० ग्रेनची गोळी ओतणारा साचा मला एकाच कंपनीकडे सापडला. नाव घेत नाही.

पहिल्याच दिवशी पन्नास यार्डांवर कागदाला गोल भोकांऐवजी लांबुडकी भोकं. गोळ्या आडव्या जात होत्या. वाटलं नळी गेली, पैसे बुडाले. दोन रात्री झोप नाही. मग नरम शिशाचा गोळा तेल लावून नळीत ठोकला, लाकडी दांड्याने पलीकडून काढला आणि मायक्रोमीटरने मोजला: .४०९. साच्यातली गोळी: .४०६. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘माप आमच्या मर्यादेत बसतं.’ परत पाठवायचा खर्च माझा, १४ डॉलर. तीन ईमेल झाले, तिन्हींना तेच उत्तर, फक्त खाली सही वेगळी.

इथवर मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. आता थोडा शब्द मागे घेतो. मी टायरवाल्याकडून फुकट आणलेली चाकांची वजनं वितळवत होतो. ते शिसं कडक. काळ्या दारूच्या धक्क्याने नरम शिसं बुडाशी फुगतं आणि नळीच्या खाचा भरतं. कडक शिसं फुगत नाही. वीस भाग शिसं, एक भाग कथील असं मिश्रण घेतलं (कथिलाचा भाव विचारू नका) आणि गोळ्या सरळ जायला लागल्या. पण अजून पसरत होत्या. म्हणजे निम्मी चूक माझी, निम्मी अजून कंपनीचीच.

उरलेली निम्मी सहा डॉलरच्या रोलने भरून काढली. गरम हवेच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची टेप. साच्याच्या एका पाकळीच्या आतल्या बाजूला, गोळीच्या खळग्यापासून लांब, दोन बारीक पट्ट्या चिकटवल्या. साचा केसभर उघडा राहतो, गोळी .४०९ ते .४१० निघते. किंचित लंबगोल, शिवणीवर बारीक पापुद्रा, तो नखाने निघतो. जाड गोळीने काडतुसाची मानही जाड होते, म्हणून आधी एक बिनदारूचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) घालून पाहिलं, सैल बसलं. त्या शनिवारी पाच गोळ्या आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत. रेंजवर शेजारच्याने विचारलं, काय केलंस? मी टेप दाखवली. तो हसला नाही, त्याने ब्रँड विचारला.

बाकी बारीकसारीक. बटाची (दस्त्याच्या मागच्या टोकाची) लोखंडी चंद्रकोर खांद्यात रुतते, वीस बारांनंतर निळं पडतं. घरी येऊन नळी गरम साबणाच्या पाण्याने त्याच दिवशी धुवावी लागते, नाहीतर गंज. ओतकाम गॅरेजमध्येच, दार उघडं ठेवून, नंतर हात स्वच्छ धुऊन. जानेवारीत हा नियम मला शिक्षा वाटला. दारूचा वास मात्र दिवाळीच्या सकाळचा. कपडे वेगळे धुवायचे, हा घरचा हुकूम.

रायफलीला पाचपैकी पाच. साच्याला दोन, टेपसकट साडेतीन. टेप दर साठ-सत्तर गोळ्यांनी उष्णतेने सुटते. आज सकाळी चौथ्यांदा बदलली. रोल अजून बराच शिल्लक आहे.