४.५० मिमी छर्रा सायझर: घ्यावा का?

सायझर म्हणजे छर्रे एका मापाला आणायचं साधन: मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा, त्यात आरपार भोक आणि छर्रा ढकलायला पितळी दांडी. सोलापुरात दहा मीटर एअर पिस्तूल मारणाऱ्यांना याचा उपयोग आहे, पण बेताचाच.

सायझर छर्रा आवळतो, फुगवत नाही. डब्यात ४.४९ मिमी डोक्याचे छर्रे असले तर डोकं तसंच राहतं, फक्त मागचा घेर लहान होतो. तो घेर मोठा ठेवलेला असतो नळीत हवा अडवायला. जास्त आवळला की हवा कडेने निसटते, वेग कमीजास्त होतो आणि ग्रुप उघडतो, म्हणजे कार्डावरची भोकं एकमेकांपासून लांब पडतात. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) छर्ऱ्यांना म्हणून हे लावूच नये. स्वस्त डब्यातले, आकारात एकसारखे नसलेले छर्रे मात्र बरेच सुधारतात.

डोकं पुढे ठेवून सरळ ढकला. तिरका गेला तर एका बाजूचं शिसं खरवडतं. पन्नासेक छर्ऱ्यांनंतर भोक कापसाने पुसा. तेल नावापुरतंच, स्प्रिंगच्या पिस्तुलात जादा तेल पेटतं. मग पिस्तूल शिकंज्यात धरून आवळलेले आणि न आवळलेले पाच-पाच मारून बघा. कार्डावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, त्यात फरक दिसला नाही तर पैसे चांगल्या छर्ऱ्यांच्या डब्यांवर घाला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडून करून घेणार असाल, तर भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं, गुळगुळीत करणारं हत्यार) काढून पॉलिश करायला सांगा. नुसत्या ड्रिलचे ओरखडे प्रत्येक छर्ऱ्यावर उमटतात. आणि हो, शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.