कुलूप दोनदा बदललं, खोट वायरीत होती

चार मजले, आठ फ्लॅट, गेटवर बटणांचं पॅनल, घराघरात एक हँडसेट आणि १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक कुलूप. इंटरकॉमचं याहून साधं काम नसेल. तरी या इमारतीने आधी दोन कुलपांचे, मग नव्या पॉवर सप्लायचे आणि शेवटी अख्ख्या पॅनलचे पैसे मोजले. पहिल्या तिन्ही वेळा ज्या वस्तूला ‘खराब’ म्हटलं गेलं, ती धडधाकट होती.

लक्षण एकच. हँडसेटचं बटण दाबलं की गेटवर ‘टक्’ आवाज यायचा, पण कुलपाची जीभ सुटायची नाही. दार जरा आत रेटून धरलं की दहातून दोनदा उघडायचं. कंत्राटदाराच्या माणसाने येऊन कुलपाच्या दोन्ही वायरी सोडवल्या, त्यांच्या टोकांना मीटर लावला आणि वरून बटण दाबायला सांगितलं. मीटरवर १२.१. ‘बघा, करंट पूर्ण येतोय, कुलूपच गेलंय.’ जमलेल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं, मग कोण वाद घालणार? नवं कुलूप बसलं.

फसवणूक नेमकी इथे झाली. वायर कितीही बारीक असली तरी पुढे भार (करंट खाणारी वस्तू) नसेल तर मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण करंट वाहत नाही आणि म्हणून वायरीत व्होल्टेज पडतही (कमी होतही) नाही. मीटर लावायचा तो कुलूप जोडलेलं असताना, त्याच्याच दोन स्क्रूंवर, बटण दाबून धरलेलं असताना. असं मोजल्यावर आकडा आला ७ च्या आसपास.

हिशेब सरळ आहे. सप्लाय वरच्या मजल्यावर जिन्याच्या बोर्डाशेजारी बसवला होता, कारण तिथे लाइन आयती मिळत होती. तिथून गेट २५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर तार. कुलपाची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) १५ ओहम, म्हणजे १२ व्होल्टला ०.८ अँपिअर. ०.५ मिलिमीटर व्यासाच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध (करंटला होणारा अडथळा) मीटरला सुमारे ०.०८८ ओहम, म्हणून ५० मीटरला ४.४. तेवढ्यावरही कुलपापर्यंत जेमतेम सव्वानऊ व्होल्ट पोचले असते. प्रत्यक्षात तार होती ०.४ ची, तीही तांब्याची नाही, तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. तिचा रोध ११ ओहमच्या आसपास. १२ व्होल्टमधले पाच वायरीतच संपत होते. ०.१ मिलिमीटर काय तो फरक, असं वाटतं. पण व्यास ०.५ चा ०.४ झाला की धातू ३६ टक्के कमी होतो.

नव्या कुलपानेही तेच केलं, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या नव्यानेही तेच, तेव्हा १८ व्होल्टचा सप्लाय आला. दार उघडू लागलं, सगळे खूश. पण पॅनलही त्याच सप्लायवर होतं. बटण दाबलेलं असतं ते दोन सेकंद सोडले तर दिवसभर वायरीत व्होल्टेज पडतच नाही, म्हणजे १२ व्होल्टच्या पॅनलवर चोवीस तास १८ चा मारा. आतले १६ व्होल्टपर्यंतच टिकणारे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फुगले आणि पॅनल मुकं झालं. त्यावर ‘पावसाचं पाणी गेलं’ हे निदान झालं आणि चौथं बिल आलं.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं ‘केबल गरजेप्रमाणे’. या दोन शब्दांवर सही करू नये. तारेचा व्यास, शुद्ध तांबं, किती तारा आणि किती मीटर, हे चारही लिहून घ्यावं. साध्या ऑडिओ सिस्टिमला चार सामाईक तारा आणि प्रत्येक फ्लॅटला एक बेलची, म्हणजे आठ फ्लॅटला १२. दहा जोड्यांची, २० तारांची केबल घेतली तर आठ शिल्लक राहतात आणि पुढे एखादी तुटली तर भिंत फोडावी लागत नाही. इथे बिलात दहा जोड्या होत्या, डक्टमध्ये सहा. १२ तारा, एकही शिल्लक नाही. लांबी तपासणं तर अगदीच सोपं: बऱ्याच केबलींच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा लिहून ठेवा, वजाबाकी करा.

तार ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सोललेलं टोक ब्लेडने खरवडा; आत चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. लायटरच्या ज्योतीत बारीक तांबं लाल होतं पण शाबूत राहतं, मुलाम्याची तार मान टाकते किंवा वितळून टोकाला गोळी धरते. बंडल हातात घेतलं तरी कळतं, तेवढ्याच तांब्याच्या बंडलापेक्षा बरंच हलकं. (‘केबल गेज तेच आहे साहेब’ हे खरंही असू शकतं. गेज म्हणजे जाडी, धातू नव्हे.) भिंतीत गेलेल्या केबलसाठी लांबच्या टोकाला दोन तारा एकत्र पिळा आणि जवळच्या टोकाला ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका, कारण इथे अर्ध्या ओहमलाही किंमत आहे. ०.५ चं तांबं २५ मीटरला ४.४ दाखवेल, ७ आले तर तार बारीक तरी आहे किंवा आवरणाखाली शुद्ध तांबं नाही.

बोलण्याचा करंट अगदी थोडा, तो अशा तारेवर निभावून जातो. मात्र अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं आणि पकड सैल होते, दोन-चारदा वाकवलं की तुटतंही. मग आज या घरात बेल नाही, उद्या त्या घरात आवाज नाही, आणि प्रत्येक फेरीला व्हिजिट चार्ज.

डक्ट उघडल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. इंटरकॉमची केबल जिन्याच्या दिव्यांच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ओढली होती. हँडसेटमधल्या सततच्या घरघरीचं कारण हे. आणि मेनच्या वायरीचं आवरण फाटलं तर तो करंट थेट कानाशी येतो, म्हणून पाइप वेगळाच हवा. दुसरं म्हणजे कुलूप सोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) बाहेरच्या पॅनलमध्येच होता. दोन स्क्रू काढून मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की गेट उघडं, हँडसेटची गरजच नाही. रिले गेटच्या आतल्या बाजूला बंद डबीत असावा. डीसी कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावलेला आहे का तेही बघावं, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. तो नसेल तर कॉइल सोडताना येणारा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट जाळतो. या सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि तोच गाळलेला होता.

आगाऊ रक्कम कामाच्या जवळजवळ सगळ्या किमतीइतकी गेली होती, त्यामुळे भांडायला हातात काही उरलं नाही. निदान चौथा हिस्सा तरी कुलूप जोडलेल्या अवस्थेत, बटण दाबून, स्क्रूंवर ११ व्होल्ट दिसेपर्यंत रोखून धरावा आणि ही अट कोटेशनवरच लिहावी.

दुरुस्ती एका दुपारी झाली. १२ व्होल्टचा मूळ सप्लाय जिन्याखाली, गेटपासून चार मीटरवर आणला आणि कुलपासाठी १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन वेगळ्या वायरी ओढल्या. बटण दाबून मोजलं: ११.८. मग ‘गेलेलं’ म्हणून पहिल्यांदा काढलेलं कुलूप वॉचमनच्या टेबलाच्या खणातून काढून तेच परत बसवलं. पहिल्याच दाबाला जीभ सुटली.