मुलुंडच्या गॅलरीत पुत्तलम : टेकसन एएन-२०० लूप अँटेनाचा अनुभव

रेडिओवर दूरची केंद्रे पकडून वहीत नोंदवण्याच्या छंदासाठी टेकसन कंपनीचा एएन-२०० हा लूप अँटेना मी दोन हिवाळे वापरते आहे. सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे कडे, त्यात गुंडाळलेली तार, उभे ठेवण्यासाठी बैठक आणि गँग कंडेन्सर (कंप्रता जुळवणारा फिरता भाग) फिरवणारा एक नॉब, एवढाच त्याचा सगळा ऐवज आहे. त्याला सेल लागत नाहीत आणि वीजही लागत नाही. ५२० ते १७१० किलोहर्ट्झ, म्हणजे मीडियम वेव्हचा (एएमचा) संपूर्ण पट्टा, तो व्यापतो. खरेदीपूर्वी मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, चौकशी केली होती, तेव्हा एका दुकानदाराने "ताई, एएम आता ऐकतं कोण?" असे विचारून मला केबल टीव्हीचा स्प्लिटर दाखवला. शेवटी परदेशातूनच मागवावा लागला आणि आयात शुल्क धरून तो साडेतीन हजारांच्या घरात गेला.

वापरण्याची रीत सोपी असली तरी हात बसायला आठवडा जातो. बहुतेक ट्रान्झिस्टरमध्ये मीडियम वेव्हसाठी आतला अँटेना म्हणून फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) कांडी असते. ही कांडी कड्याच्या प्रतलाला काटकोनात येईल अशा बेताने रेडिओ कड्याजवळ ठेवला की तारेच्या जोडणीशिवाय, केवळ चुंबकीय प्रवर्तनाने, लूपमधील संकेत कांडीत उतरतो. आधी रेडिओवर हवी ती कंप्रता लावायची आणि मग लूपचा नॉब अगदी सावकाश फिरवायचा. योग्य जागा सुईच्या अग्राएवढी असते. ती आली की खरखरीतून आवाज एकदम वर उसळतो आणि केसभर पुढे गेले की पुन्हा बुडतो. डिजिटल रेडिओतील आवाजाची पातळी सारखी ठेवणारे स्वयंचलित नियंत्रण ही उसळी झाकून टाकते, त्यामुळे अशा रेडिओवर कानापेक्षा संकेताच्या आकड्यावर डोळा ठेवणे बरे. ज्या रेडिओला बाहेरच्या अँटेनाची खाच आहे त्यासाठी सोबत केबल मिळते, पण मला केबलविना ठेवण्याची पद्धतच अधिक आवडली, कारण तिच्यात रेडिओ दोन बोटे पुढे-मागे सरकवून संकेत कमी-अधिक करता येतो.

आवाज वाढतो म्हणून हा अँटेना घ्यावा असे मी म्हणणार नाही. मुंबईत त्याचे मोल आहे ते नको असलेले केंद्र बाजूला सारण्यात. ८८२ किलोहर्ट्झवर श्रीलंकेतील पुत्तलम येथून ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचे ४०० किलोवॅटचे प्रक्षेपण येते आणि नेमक्या त्याच कंप्रतेवर आपल्या आकाशवाणीचे इंफाळ केंद्र आहे. दिवसा दोन्ही ऐकू येत नाहीत, कारण वातावरणाचा डी थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरला की वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दोन्ही केंद्रे मुलुंडला पोहोचतात आणि एकमेकांवर आदळतात. लूपच्या कड्याची धार ज्या दिशेला असते तिकडचे केंद्र सर्वाधिक स्पष्ट येते आणि कड्याच्या पसरट बाजूसमोरचे दबते. मुंबईहून इंफाळ पूर्वेकडे किंचित उत्तरेला आहे, तर पुत्तलम आग्नेयेलाही बरेच दक्षिणेकडे झुकलेले. दोन दिशांत काटकोनाला थोडाच कमी असा कोन पडतो. म्हणून गॅलरीतील स्टुलावर रेडिओ आणि लूप दोन्ही एकत्र, पाट फिरवावा तसे, हळूहळू वळवले की मणिपुरी गाणे मागे सरते आणि पुत्तलमचा निवेदक पुढे येतो. हे दबणे पूर्ण नसते, कारण आकाशातून येणाऱ्या लहरींचे ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) सतत बदलते, त्यामुळे दर काही मिनिटांनी इंफाळ पुन्हा डोके वर काढते. तरीही सुमारे चौदाशे किलोमीटरवरचे केंद्र, तेही त्याच कंप्रतेवर देशातलेच तगडे केंद्र असताना, वहीत नोंदवता येईल इतके ओळखू येते. नुसत्या रेडिओवर मला हे क्वचितच जमले होते.

याच गुणामुळे घरातील गोंगाटावरही इलाज होतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि लिफ्टची मोटर यांनी मुंबईतील कोणत्याही सोसायटीत मीडियम वेव्ह गढूळ झालेली असते. लूप वळवून त्यातला एखादा उगम तरी गप्प करता येतो. मात्र एका वेळी एकच. माझ्या बाबतीत शेजारच्या टॉवरच्या जिन्यातील दिवे बरोबर पश्चिमेला आहेत, आणि १४१३ किलोहर्ट्झवर बीबीसीचे ज्या ओमानमधील केंद्रावरून प्रक्षेपण होत असे ते अ'सीलाही जवळजवळ त्याच दिशेला. दिवे दाबले की ओमानही दबते. त्यापुढे या अँटेनाचा काही इलाज चालत नाही. आकाशवाणीच्या मालाड येथील ५५८ किंवा १०४४ किलोहर्ट्झवर तर तो चुकूनही जुळवू नये. मालाड आमच्यापासून इतके जवळ आहे की रेडिओ गुदमरतो आणि आवाज फाटतो.

ज्यांना हाताने काही करण्याची हौस आहे त्यांनी विकतच्या लूपआधी घरगुती लूप करून पाहावा. साधारण दोन फुटी लाकडी चौकटीवर दहा-बारा फेरे तार आणि जुन्या रेडिओतील गँग एवढ्यावर तो होतो, आणि आकार मोठा असल्याने या छोट्या कड्यापेक्षा अधिक संकेत गोळा करतो. मी तसा केला होता. पण दोन खोल्यांच्या घरात तो कपाटामागे उभा राहिला आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा आधार बनला. एएन-२०० पुस्तकांच्या फळीवर मावतो. वळवाच्या कडकडाटात आणि पावसाळ्यात तो तिथेच पडून असतो, आणि नोव्हेंबर लागला की गॅलरीत येतो.