चित्रपट टीव्हीला द्यावा की ओटीटीला?

प्रमाणपत्र: 'ए' (फक्त प्रौढांसाठी) चित्रपट टीव्हीवर तसाच चालत नाही. दृश्यं कापून सेन्सॉर बोर्डाकडून 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही चालेल असा) करून घ्यावा लागतो. शिवीचा आवाज बंद केला, पण सबटायटलमध्ये ती राहिली, हे फार वेळा घडतं. आधी तेच तपासा. ओटीटीवर 2021च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो: यू, 7+, 13+, 16+, ए. 13+ पासून पालकांसाठी लॉक हवंच.

तक्रार: प्रेक्षकाने केली तर दोन्हीकडे 24 तासांत पोच, 15 दिवसांत निर्णय.

मेहनत: टीव्हीसाठी दुसरी आवृत्ती, म्हणजे संकलन आणि ध्वनिमिश्रण पुन्हा.

कौटुंबिक चित्रपट टीव्हीला द्या. हिंसा किंवा शिव्या कथेचा कणा असतील तर ओटीटीच. कापलेला चित्रपट प्रेक्षकावर अन्याय करतो.