जुन्या पुस्तकांसाठी काय घ्यावं: उघडी मांडणी, काचेचं कपाट की ट्रंक?

अप्पा बळवंत चौक, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, कोपऱ्यावरचा रद्दीवाला. एकदा नाद लागला की पुस्तकं घरात येतच राहतात आणि यायलाच हवीत. जागा संपली म्हणून पुस्तकं काढून टाकण्याआधी ती ठेवण्याची सोय सुधारून पाहा.

आमचा कौल उघड्या मांडणीला. जुनी पुस्तकं यादी करून घेतलेली नसतात, हाताला लागली म्हणून घेतलेली असतात. घरातही ती येताजाता नजरेला पडली, तरच पुन्हा हातात येतात. शिवाय हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते. मात्र फळीची खोली नऊ इंचांच्या वर नेऊ नका. डेमी आकाराचं पुस्तक जेमतेम साडेपाच इंच रुंद असतं. बारा इंची फळीवर हमखास दुहेरी रांग लागते आणि मागची रांग विस्मरणात जाते. तीन फुटांच्या फळीवर पन्नासेक पुस्तकं मावतात, म्हणजे जवळपास २० किलो वजन. १८ मिमी प्लाय वापरून फळी अडीच फुटांवर थांबवा. तीच फळी तीन फुटांची केली, तर भरल्यावर बाक दुप्पट येतो. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवा आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान चार इंच वर घ्या, म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसेल. न्हाणीघराची भिंत आणि पश्चिमेची खिडकी टाळाच.

रस्त्यालगतचं घर असेल, धूळ फार येत असेल, तर काचेचं कपाट बरं. दुर्मिळ आवृत्त्या, कापडी बांधणीची पुस्तकं त्यात ठेवा. त्रास होतो तो पावसाळ्यात. मुंबईत, कोकणात बंद कपाटातली दमट हवा आतच कोंडते आणि पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी चढते. म्हणून पुस्तकांच्या मागे इंचभर जागा सोडा, पाठीच्या प्लायला भोकं पाडून घ्या आणि उघडीप मिळाली की दारं तासभर सताड उघडी ठेवा. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही आणि त्यांचा वास मात्र कागदात मुरतो.

लोखंडी ट्रंक फक्त दुबार प्रतींसाठी आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांसाठी. ती भरायची हिवाळ्यात, हवा कोरडी असताना. पावसाळ्यात भरली तर ओल आत बंद होते. विटांवर ठेवा, आत धुतलेलं सुती कापड घाला, वर्तमानपत्र नको. त्याचा आम्लयुक्त कागद शेजारच्या पानांनाही पिवळं करतो. दोन फुटांहून मोठी ट्रंक भरल्यावर हलत नाही.

तिन्हींपैकी काहीही घ्या, नवं आलेलं जुनं पुस्तक थेट इतरांत मिसळू नका. दोन आठवडे वेगळं, पांढऱ्या कागदावर ठेवा. खाली बारीक भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे. कसर तर खळ आणि डिंक खायला बांधणीतच लपते. कडक उन्हात टाकलं तर कागद ठिसूळ होतो, म्हणून फ्रीजर वापरा: पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीवर धरतं, पानांवर नाही.