पेन टूल: काही महिन्यांच्या वापरानंतर, एका चौकोनावर डूख धरून

पेन टूल म्हणजे फोटोवर बिंदू ठेवत वस्तूच्या कडेने रेषा, म्हणजे पाथ, काढायचं साधन. बिंदू म्हणजे अँकर, त्यातून निघून वळण ठरवणारी दांडी म्हणजे हँडल. याहून जास्त इथे सांगत बसत नाही. प्रॉडक्ट फोटोंचा बॅकग्राउंड काढायच्या कामात गेले काही महिने पाथ मारतेय, त्यावरून लिहितेय. प्रोग्रॅमचं नाव घेत नाही. दर महिन्याला भाडं घेतो, एवढं पुरे.

आधी तक्रार. वरच्या पट्टीत 'ऑटो अ‍ॅड/डिलीट' असा एक चौकोन आहे आणि तो न विचारता टिक होऊनच येतो. पेन चालू पाथवर नेलं की अधिकचं चिन्ह, म्हणजे क्लिकला बिंदू वाढतो; जुन्या बिंदूवर नेलं की वजाचं, म्हणजे तो उडतो. ऐकायला सोयीचं वाटतं. आता कपाचा कान कापायला घ्या. आतली कड आणि बाहेरची कड इतकी जवळ, की नवा बिंदू ठेवायला जावं तर तो मागच्याच रेषेत घुसतो. त्याबरोबर हातातलं टोक सुटतं आणि पुढच्या क्लिकला वेगळाच पाथ सुरू होतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे कळतही नाही. शेवटी पाथचं सिलेक्शन (कापायला निवडलेला भाग) करायला कंट्रोल-एंटर दाबलं की कपाच्या पोटातून सरळ रेघ! उघड्या पाथचं सिलेक्शन करताना दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडून प्रोग्रॅम मोकळा होतो. सुटलेल्या टोकावर पुन्हा क्लिक केलं तर काम पुढे नेता येतं, पण ते टोक आधी शोधा. तो टिक पहिल्याच आठवड्यात काढला.

बाकी टूल? सोनं आहे. मध्यंतरी एका क्लिकमध्ये वस्तू निवडणारी एआयवाली सोय आली म्हणून पेनला हात लावणं सोडलं होतं. बूट, पिशव्या, खुर्च्या झकास निघाल्या. मग पांढऱ्या बॅकग्राउंडवरची चकचकीत किटली आली. जिथे प्रकाश पडला होता तिथे किटलीची कडच संपली होती, आणि त्या सोयीने तेवढा लचका तोडला. पेनला पिक्सेलशी देणंघेणं नाही. कड दिसत नसली तरी ती कुठून जाणार हे आपल्याला कळतं, तिथून वळण न्यायचं. पेन जी वक्ररेषा काढतं ती मुळात मोटारींच्या बॉडीसाठीच वापरात आली. १९६० च्या दशकात रेनॉमधल्या पियरे बेझिए यांनी ती पुढे आणली आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच हे गणित मांडलं होतं, पण कंपनीने ते गुलदस्त्यात ठेवलं. फुगीर, गुळगुळीत पत्रा हेच तिचं माहेर, मग किटली काय अवघड!

बिंदू जितके कमी तितकी कड स्वच्छ, हे तर सगळेच सांगतात. वर्तुळाला चार पुरतात, हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के लांब. गणिताने ते अगदी अचूक वर्तुळ होत नाही, फरक सुमारे ०.०३ टक्के. कॅटलॉगमध्ये तो कोण मोजतंय! पण ड्रॅग करता करता स्पेसबार दाबून ठेवला की बिंदूच उचलून सरकवता येतो, हे फारसं कोणी का सांगत नाही? चुकीच्या जागी पडलेला बिंदू अनडू न करता जागेवर आणता येतो. माझ्या मते अख्ख्या टूलमधली सर्वात कामाची गोष्ट हीच.

आता अर्धी माघार. तो चौकोन हल्ली मी पुन्हा टिक करते, पण पाथ बंद झाल्यावर. डागडुजीला तो खरंच बरा: जादा बिंदू उडवा, हवा तिथे घाला, टूल बदलायला नको. माझा आक्षेप तो चालू पाथमध्ये हात घालतो याला आहे. गिंप या फुकटच्या फोटो-प्रोग्रॅममध्ये पाथ टूलने बिंदू उडवायचा तर शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही धरावे लागतात, म्हणजे चुकून काही जात नाही. भाड्याची मुदत संपत आलीय. फक्त पाथच मारायचे असतील तर पुढचं भाडं कशाला भरायचं, याचा हिशोब सध्या मांडतेय.